आकडा आणि तार : हिंगोली परिसरातील वाहनजोडणीचे ऐतिहासिक विवेचन

एका वाहनाने दुसरे वाहन ओढावयाचे म्हटले की त्या दोहोंमध्ये दोन प्रकारचे संबंध जोडावे लागतात. पहिला बलाचा व दुसरा संकेताचा. बल आकड्याने पोहोचते. थांबण्याची, वळण्याची किंवा केवळ अस्तित्वाची सूचना नळीने अथवा विजेच्या तारेने पोहोचवावी लागते. पहिला संबंध तुटला तर मागील वाहन जागीच राहते व ते तत्काळ ध्यानात येते. दुसरा तुटला तर काय होते, हे मात्र त्या जोडणीच्या रचनेवर अवलंबून असते. हिंगोली जिल्ह्याचा प्रदेश या दृष्टीने उद्बोधक ठरतो. कारण बैलगाडी, आगगाडी आणि ट्रॅक्टर-ट्रॉली या तीन व्यवस्था तेथे एकमेकींच्या शेजारी नांदल्या आणि संकेताचा प्रश्न प्रत्येकीने निराळ्या रीतीने हाताळला.

बैलगाडीपुढे हा प्रश्न फारसा उभाच राहिला नाही. रात्रीच्या वाटचालीत गाडीखाली आसाजवळ टांगलेला कंदील पुरेसा होई. त्याचा उजेड मंद असे. परंतु तो गाडीचा स्वतःचा होता. बैल सोडले तरी कंदील विझत नसे.

आगगाडीच्या आगमनाने परिस्थिती पालटली. निजामाच्या राज्यातील मनमाड-सिकंदराबाद हा मीटरमापी लोहमार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी पूर्णत्वास गेला आणि १९१२ मध्ये पूर्णा जंक्शनपासून हिंगोलीपर्यंत त्याचा फाटा आला. या मार्गावरील गाड्यांत निर्वात ब्रेकची पद्धती होती. इंजिन नळीतील हवा काढून घेई, तेव्हाच डब्यांचे ब्रेक सुटत. दोन डब्यांमधील नळी निसटली की हवा आत शिरे आणि ब्रेक आपोआप लागत. म्हणजे येथे जोडणीतील दोष लपून राहूच शकत नव्हता. गाडी थांबून तो स्वतःच प्रकट करी.

हे तत्त्व फार मोठी किंमत देऊन स्वीकारले गेले होते. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधील आर्मा येथे चढावर अडकलेल्या गाडीचे मागील डबे सोडविण्यात आले. त्या गाडीचा निर्वात ब्रेक स्वयंचलित नव्हता. नळी सुटताच मागील डब्यांचा ब्रेकही निकामी झाला, डबे उतारावरून मागे घसरले आणि सुमारे ८० माणसे प्राणास मुकली. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने प्रवासी गाड्यांना स्वयंचलित अखंड ब्रेक सक्तीचा केला. याच्या जोडीला शेवटच्या डब्यावरील तांबड्या दिव्याची प्रथा होती. स्थानकावरून गाडी जाताना तो दिवा दिसला नाही, तर काही डबे मागे राहिले असावेत असे मानून पुढील गाडी रोखली जाई. २००८ मध्ये अकोला-पूर्णा मार्ग रुंदमापी झाला. नव्या गाड्यांत निर्वाताची जागा दाबयुक्त हवेने घेतली. परंतु नळी तुटताच ब्रेक लागण्याचे तत्त्व कायम राहिले.

रस्त्यावरील इतिहास याहून वेगळा आहे. येलदरी व सिद्धेश्वर ही पूर्णा प्रकल्पाची धरणे १९६०च्या दशकात उभी राहिली. वसमत परिसरात कालव्याचे पाणी आले, ऊस वाढला आणि सहकारी साखर कारखानाही आला. तोडलेला ऊस शेतातून कारखान्यापर्यंत ओढण्याचे काम हळूहळू ट्रॅक्टरकडे गेले. ट्रॅक्टरमागे एक, पुष्कळदा दोन ट्रॉल्या जोडल्या जाऊ लागल्या. आकडा व खीळ यांवाचून ट्रॉली हलत नाही, म्हणून ती जोडणी कोणी विसरत नाही. दिव्यांच्या तारेवाचून मात्र ट्रॉली सुखेनैव चालते. तार तुटल्याचे चालकास कळत नाही. ते कळते मागून येणाऱ्यास, आणि तेही बहुधा उशिरा.

ही तार जुळविणे वाटते तितके सरळ नाही. वाहन व जोडवाहन यांच्यासाठी सात खुंट्यांच्या जोडणीची आंतरराष्ट्रीय मानके आहेत : १२ व्होल्टसाठी क्रमांक १७२४ आणि २४ व्होल्टसाठी क्रमांक ११८५. दोहोंत खुंट्या सातच. अर्थ मात्र भिन्न. पहिल्या मानकात एक क्रमांकाची खुंटी डाव्या वळणदिव्याची व तीन क्रमांकाची भूतारेची. दुसऱ्यात नेमके उलट. चार क्रमांक एकीकडे उजवे वळण दाखवितो, तर दुसरीकडे थांबण्याचा दिवा. केवळ क्रमांक पाहून तारा बांधल्यास दिवे लागतात, पण खोटे बोलतात. भूतार गाळली तर विद्युत्प्रवाह आकड्याच्या लोखंडातून परततो. गंज, वंगण व खड्ड्यांचे हिसके यांमुळे तो स्पर्श तुटतो आणि दिवे मिणमिणू लागतात. दोन ट्रॉल्या असल्यास हे सर्व धोके दुणावतात.

कायद्याच्या भाषेतही या असमतोलाचे प्रतिबिंब पडलेले दिसते. १९८८च्या मोटार वाहन कायद्याने जोडवाहनाचा समावेश मोटार वाहनाच्या व्याख्येतच केला. त्यामुळे दिव्यांचे बंधन त्यासही लागू होते. परंतु १९८९च्या केंद्रीय नियमांतील शेती-ट्रॉलीची व्याख्या पाहिली, तर तीत ट्रॅक्टरशी आकड्यांनी होणाऱ्या जोडणीचा निर्देश आहे, तारेचा नाही. दिव्यांचे व परावर्तकांचे नियम अन्यत्र, स्वतंत्रपणे येतात. व्यवहारातही नेमके हेच घडते : आकडा ट्रॉलीचे लक्षण मानला जातो, तार ही जोडपुरवणी.

या तिन्ही व्यवस्थांची तुलना केली असता असे दिसते की, संकेताची जोडणी टिकते ती तिच्या अभावाची झळ जोडणाऱ्यालाच लागते तेव्हा. आगगाडीत नळी तुटली की चालकाचीच गाडी अडते. ट्रॉलीची तार तुटली तर चालकाचे काहीच अडत नाही. भार पडतो तो अनोळखी वाटसरूवर. ट्रॉलीच्या पाठीवर लावलेला परावर्तक म्हणूनच महत्त्वाचा आहे. बैलगाडीच्या कंदिलाप्रमाणे तोही पुढील वाहनावर विसंबत नाही. मात्र ओसंडणाऱ्या उसाच्या वाढ्यांनी तो झाकला गेला, तर हा शेवटचा आधारही उरत नाही. शिवाय, ट्रॉली थांबते आहे की वळते आहे हे परावर्तक सांगू शकत नाही. ते काम तारेचेच आहे. तार तुटताच चालकाला जाणवेल अशी जोडणी रुळांवर १८८९ नंतर सक्तीची झाली. हिंगोलीच्या ऊसवाटांवर ती अद्याप यावयाची आहे.