बॉयलरवाल्याच्या चिठ्ठ्या

१ सप्टेंबर १९३९ च्या सकाळी लंडनच्या स्टेशनांवर मुलांची रीघ लागली. कोटाला नावाची चिठ्ठी, खांद्याला गॅस मास्कचा खोका. बाँब पडायच्या आत पोरांना खेड्यांत पोचवायचं, अशी सरकारची योजना होती. पहिल्या तीनच दिवसांत ब्रिटनभरातून सुमारे १५ लाख माणसं हलली. त्यांतली निम्म्याहून अधिक शाळकरी मुलं.

लवकरच यजमानांच्या तक्रारी सुरू झाल्या : पोरं रात्री गाद्या भिजवतात! झोपडपट्टीतल्यांना वळण नाही, असं म्हणून पुष्कळजण मोकळे झाले. डिसेंबरात मात्र जॉन बोल्बी, डोनाल्ड विनिकॉट आणि इमॅन्युएल मिलर या डॉक्टरांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ला पत्र लिहून बजावलं, की दोन ते पाच वर्षांच्या मुलांना आईविना धाडण्यात मानसिक धोका मोठा आहे. केंब्रिजमध्ये सुझन आयझॅक्स यांच्या गटाने तर मुलांनाच निबंध लिहायला लावले : इथे काय आवडतं, कशाची उणीव भासते? मुलांना विचारावं, हे तोवर फारसं कुणाला सुचलं नव्हतं.

पण खरी शाळा भरली ती लंडनच्या हॅम्पस्टेड भागात. नाझींमुळे १९३८ साली वडिलांसह व्हिएन्ना सोडून आलेल्या मनोविश्लेषक ॲना फ्रॉइड यांनी डोरोथी बर्लिंगहॅम यांच्या साथीने १९४१ मध्ये तिथे युद्धग्रस्त मुलांसाठी बालगृह उघडलं. पैसा मुख्यतः अमेरिकन देणग्यांचा. नियम एकच कडक : दिसेल ते लिहून ठेवायचं. जेम्स रॉबर्टसन हा स्कॉटिश तरुण तिथे बॉयलर आणि किरकोळ दुरुस्त्या बघायचा. चिठ्ठ्या लिहिण्यातून त्याचीही सुटका नव्हती.

या चिठ्ठ्यांतून पुढे आलेली गोष्ट अनपेक्षित होती. आई जवळ असेल, आणि ती घाबरलेली नसेल, तर बाँबहल्ल्यांतून मूल बरंच निभावून नेई. मोडे ते ताटातुटीने. मग बालगृहाने मुलांची लहान लहान ‘कुटुंबं’ केली, प्रत्येकाला एक ठरलेली ‘आई’. लगोलग हेवेदावे, रडारड, मारामाऱ्या सुरू! वरवर पाहता घडी विसकटली होती. पण रेंगाळलेलं बोलणं याच मुलांचं झपाट्याने सुधारलं.

आजचा परीक्षक असं संशोधन बहुधा परत पाठवील. तुलनेला दुसरा गट नाही, मोजमाप तुटपुंजं. तरीही रोज, तीच मुलं, वर्षानुवर्षं इतक्या जवळून पाहणं किती प्रयोगशाळांना जमलं?

रॉबर्टसन पुढे बोल्बींकडे गेला. १९५२ मध्ये त्याने इस्पितळात एकटी ठेवलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर मूकपट काढला. डॉक्टरमंडळी चिडली. त्या काळी बऱ्याच इस्पितळांत आईबापांना आठवड्यातून एखाद्या वेळीच भेटता येई. १९५९ मध्ये सरकारने नेमलेल्या प्लॅट समितीने भेटीवरची ही बंधनं उठवावीत, अशी शिफारस केली.