गाळणीवरचा दाब

ब्राझीलच्या जराराका सापाच्या विषावरील संशोधनातून कॅप्टोप्रिल घडले. 1981 मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. एनालाप्रिल, रामिप्रिल ही त्याचीच भावंडे. नाव रक्तदाबाच्या गोळीचे. पण स्टेरॉइडला दाद न देणाऱ्या, लघवीतून प्रथिने गमावणाऱ्या मुलांत ती मूत्रपिंडाच्या गाळणीवरचा दाबही उतरवते, हे तिचे खरे मोल. 2009 च्या युरोपीय चाचणीत मूत्रपिंडविकाराच्या 385 मुलांना रामिप्रिल दिले; ज्यांचा रक्तदाब अधिक खाली ठेवला, त्यांचे मूत्रपिंड अधिक टिकले. पुण्यापासून दूर, घोडनदीकाठच्या शिरूरला किंवा भीमेकाठच्या दौंडला हे औषध धोक्याचे, हा आक्षेप पोकळ नाही: पोटॅशियम वाढते, जुलाब-उलट्यांत मूत्रपिंड कोलमडू शकते. पण त्यावर उतारा गोळी नाकारणे नव्हे, तपासणी जवळ आणणे हा आहे. लघवी तापवून प्रथिनांचा साका पाहण्याची रीत तर या गोळ्यांहून कितीतरी जुनी! मुलांच्या मापाचा दाबपट्टा मात्र दोन्ही गावी हवाच. मोठ्यांचा पट्टा लहान दंडावर रक्तदाब कमी दाखवतो.