बंदुकीवरच्या वेलीचं कूळ

बंदुकीच्या पोलादी बाजूपट्टीवर वळसे घेत जाणारी जी वेल कोरलेली असते, तिला या धंद्यात ‘स्क्रोल’ म्हणतात. लंडनच्या पर्डी बंदुकीवरची बारीक, दाट गुलाब-वेल असो की हार्टफर्डच्या कोल्ट पिस्तुलावरची ऐसपैस वेल, पाहणाऱ्याची पहिली दाद कोरणाऱ्याच्या मनगटाला जाते. नवशिक्याही तसंच धरून चालतो. वेल बिघडली की तो कोरणीला पुन्हा धार लावतो, तिचा कोन बदलतो, नाहीतर पोलादाला नावं ठेवतो. माझ्या मते ही वेल मुळात कोरणीची नव्हेच. ती पोलादावर आली कागदावरून, आणि कागदावर उतरली तेव्हाच तिचं वय दोन हजार वर्षांच्या घरात होतं. हे कूळ नीट पाहिलं, तर बिघाड कुठे शोधायचा हेही आपोआप कळतं.

वेलीच्या जन्माची जुनी कथा रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हिअसने सांगितली आहे. कोरिंथमध्ये एका मुलीच्या थडग्यावर तिच्या दाईने टोपली ठेवली, तिच्याभोवती अकँथसचं झुडूप वाढलं, आणि ते पाहून कॅलिमाकस या शिल्पकाराला पानांच्या स्तंभशीर्षाची कल्पना सुचली. गोष्ट गोड आहे, पण व्हिएन्नाच्या संग्रहालयात कापडांचा विभाग सांभाळणाऱ्या आलोइस रीग्लने १८९३ सालच्या आपल्या ‘श्टीलफ्रागेन’ या ग्रंथात तिला सुरुंग लावला. ग्रीकांची सुरुवातीची अकँथसची पानं झाडावरच्या पानांसारखी दिसतच नाहीत, जुन्या पामेट या पंख्यासारख्या नक्षीला उठाव दिल्यासारखी दिसतात, हे त्याने दाखवलं. इजिप्तचं कमळ, त्यातून पामेट, त्यातून अकँथसची वेल आणि त्याच वेलीतून पुढे इस्लामी अरबेस्क, अशी सलग वंशावळ त्याने मांडली. इसवी सनापूर्वी ९ साली रोममध्ये वाहिलेल्या आरा पाचिस या वेदीच्या खालच्या भागात या वेलीचं भरात आलेलं रूप आजही दिसतं. एका बुंध्यातून निघालेले वळसे, प्रत्येक फाट्याशी उलटी फिरणारी दिशा, आणि सांधा झाकणारं पान. आजचा कोरणाराही हेच नियम शिकतो.

यावर कुणी म्हणेल की वेल तर सगळीकडेच उगवते, ती पाहून कुणीही काढील. तिला वंशावळ कशाला? आपल्याकडचंच उदाहरण घेऊ. अजिंठ्याच्या १ आणि २ क्रमांकांच्या लेण्यांच्या छतांवर कमळाचे देठ लाटेसारखे वळत गेले आहेत. तळ्यातलं कमळ असं नागमोडी वाढत नाही. त्याचा देठ पाण्याबाहेर सरळ वर येतो आणि फुलापाशी संपतो. फूल निसर्गातलं, लाट मात्र चितारणाऱ्याची. रीग्लच्या वंशावळीतली प्रत्येक कडी मान्य करायलाच हवी असं नाही. पण वेलीची शिस्त रेखाटनातून येते, बागेतून नाही, एवढं त्याचं म्हणणं अजिंठाही खरं ठरवतो.

बंदुकीपर्यंत ही वेल पोचली ती नमुन्यांच्या छापील वह्यांतून. १५३० साली पॅरिसमध्ये फ्रांचेस्को पेलेग्रीनोने अरबी धाटणीच्या वेलींचा संग्रह छापला. १५४९ साली झुरिकमध्ये पेटर फ्लॉटनरचा तसाच संग्रह निघाला. त्या वह्या शिंप्यापासून सोनारापर्यंत कुणालाही चालण्याजोग्या होत्या. सतराव्या शतकात पॅरिसच्या बंदूककारांसाठी खास वह्या निघू लागल्या: १६३८ मध्ये तोमा पिको, १६५७ मध्ये फ्रांस्वा मार्कू, १६८५ मध्ये क्लोद सिमोनँ. या पानांवर बंदुकीचे सुटे भागच काढलेले असतात. चापाची निमुळत्या शेपटीची पट्टी, घोड्याखालचा कमानदार पत्रा, दस्त्याची टोपी, आणि त्या त्या आकारात बरोबर बसवलेली वेल. यातला झाँ बेराँ मला फार महत्त्वाचा वाटतो. १६५९ साली त्याची बंदूककारांसाठीची वही निघाली तेव्हा तो १९ वर्षांचा होता, बाप बंदूककार. पुढे हाच मुलगा चौदाव्या लुईच्या दरबाराचा आरेखक झाला, आणि राजाच्या महालांपासून रंगभूमीच्या पोशाखांपर्यंत सगळं त्याच्या पेन्सिलीखाली आलं. बंदुकीची वेल काढता येणाऱ्याला राजवाडा सजवता आला, कारण दोन्हीकडे हुन्नर एकच होतं: दिलेल्या चौकटीत वळसा बसवण्याचं.

दुसरी हरकत जास्त वजनदार आहे. नक्षी ही साहित्य आणि हत्यार यांतून जन्मते, असं जर्मन वास्तुकार गोटफ्रीड सेंपरच्या अनुयायांचं म्हणणं होतं, आणि रीग्लचा झगडा त्यांच्याशीच होता. बंदुकीला हे लावून पाहू. इंग्रजी वेल बारीक आहे ती कठीण पोलादामुळे, आणि अमेरिकी मोठी आहे ती मऊ लोखंडामुळे, असं म्हणावं तर दोन्हीकडे काम धातूला कडकपणा देण्याच्या आधीच, मऊ असताना होई. फरक धातूचा नव्हता, कोण कुठे शिकला याचा होता. कोल्टसाठी १८५२ पासून कोरणारा गुस्ताव यंग प्रशियातून आलेला, न्यूयॉर्कचा एल. डी. निम्श्के जन्माने जर्मन. त्यांच्याबरोबर जर्मन वेल अमेरिकेत आली. हत्याराला त्याचं श्रेय द्यायचं तेवढं द्यावं: कोरणी कलती केली की रेघ जाड होते, सरळ केली की बारीक, आणि पानाच्या देठाशी एकवटणाऱ्या छायारेघा तिच्यामुळेच शक्य होतात. पण वळसा कुठे घट्ट व्हावा हे कोरणी ठरवत नाही. हल्ली हवेच्या दाबावर चालणारी कोरणी आणि सूक्ष्मदर्शक नवशिक्याच्याही हाती असतात. रेघ पहिल्याच वर्षी स्वच्छ येते, आणि चुकलेला वळसा तितकाच स्वच्छ दिसतो.

चुका ठरलेल्या असतात. नवशिक्याचा वळसा डासांच्या कॉइलसारखा होतो: सगळी अंतरं सारखी. वेलीत आत जाताना मोकळी जागा एका प्रमाणात कमी होत जावी लागते, नाहीतर वाढ दिसत नाही, नुसतं गुंडाळणं दिसतं. मध्येच कुठेतरी वक्र सपाट होतो. पानं कण्यातून, म्हणजे वेलीच्या मुख्य रेघेतून, न फुटता काटकोनात चिकटवल्यासारखी वाटतात, कारण कणा पुरा होण्याआधीच पानांना हात घातलेला असतो. एकही दोष कोरणीचा नाही.

निम्श्केसारखे लोक तर धातूवर धड आखणीही न करता भराभर कोरत, मग कागदाचं एवढं कौतुक कशाला, हा शेवटचा आक्षेप. त्याचं उत्तर निम्श्केच्याच हातून मिळतं. आपल्या कामावर शाई लावून त्याचे छाप तो कागदावर उचलून ठेवी. त्याची ती वही १९६५ साली आर. एल. विल्सन यांनी प्रसिद्ध केली. आयुष्यभर कोरलेला माणूसही आपली वेल कागदावर परत आणून पाहत होता. ज्याला आखणीची गरज उरली नाही, त्याच्या डोळ्यांत ती आधीच मुरलेली असते. नवशिक्याने त्याची घाई उचलावी आणि मुरणं वगळावं, हा सौदा चालत नाही.

म्हणून सरावाची पुढची पट्टी हातात घेण्याआधी मागच्या पट्टीवर शाई चोळून तिचा छाप घ्या. तो उलटा येईल, त्यामुळे सवयीचे डोळे फसणार नाहीत. त्यावर पानं सोडून फक्त कणे पेन्सिलीने गिरवा, आणि जिथे पेन्सिल अडखळेल तिथपासून नवं रेखाटन सुरू करा.