सोया दूध निवडताना : आधी 'काय सोसत नाही' ते ओळखा

दूध प्यायले की पोट बिघडते, अशी तक्रार असणाऱ्यांना सोया दुधाचा सल्ला सर्रास दिला जातो. मिरची आणि मक्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या सिल्लोड परिसरात सोयाबीनही पिकते, त्यामुळे हे पेय कोणाला परके वाटत नाही. मात्र शेतातले सोयाबीन प्रामुख्याने तेल आणि पेंडीसाठी जाते. ग्लासातले सोया दूध बहुधा बंद पाकिटातूनच येते. ते घरात आणण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर मिळविणे आवश्यक आहे : दुधातील नेमके काय सोसत नाही?

गाईच्या दुधात पाच टक्क्यांच्या आसपास लॅक्टोज ही साखर असते. ती पचविणारे लॅक्टेज हे विकर अनेकांच्या शरीरात बालपणानंतर कमी होत जाते. मग पोट फुगणे, गुरगुरणे, जुलाब असा त्रास सुरू होतो. हा त्रास जिवावर बेतणारा नसतो. सोया दुधात लॅक्टोज नसल्याने अशा व्यक्तींना ते चालते. अर्थात विरजणातील जिवाणू काही लॅक्टोज आधीच फस्त करतात, म्हणून यांपैकी अनेकांना दही-ताक सोसते. घरात ताक असताना महागडे पाकीट आणण्याची गरज प्रत्येकाला असतेच असे नाही.

दुधाची अ‍ॅलर्जी ही मात्र पूर्णपणे वेगळी बाब आहे. येथे शरीराची प्रतिकारशक्ती केसीनसारख्या प्रथिनांनाच शत्रू समजते. अंगावर गांधी उठतात, ओठ व डोळे सुजतात, उलट्या होतात, धाप लागते. सोयाबीनमध्ये प्रथिनांचे प्रमाण सुमारे ४० टक्के असते आणि या प्रथिनांचीही अ‍ॅलर्जी होऊ शकते. दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या काही बालकांना सोयाही सोसत नाही. त्यामुळे अशा मुलाला पहिला घोट डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावा. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांपैकी बहुतेकांना सोया चालत असले, तरी दोन्ही द्विदल कुळातील असल्याने तेथेही तपासणी करून घेणे इष्ट. गांधी उठल्या की आमसुलाचे पाणी लावण्याची घरगुती रीत आहे; परंतु घसा आवळू लागला किंवा श्वास अडखळला, तर त्यात वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

एक वर्षाखालील बाळाला आईच्या दुधाऐवजी बाजारातील साधे सोया दूध देऊ नये. त्यातून बाळाचे पोषण पूर्ण होत नाही. बालकांसाठीचा सोयायुक्त शिशुआहार वेगळा असतो आणि तोही वैद्यकीय सल्ल्यानेच द्यायचा असतो.

पाकिटावरील मजकूर वाचणे हा निवडीतील सर्वांत महत्त्वाचा भाग. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबल नियमांनुसार सोयाबीन, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व सुकामेवा, तसेच ग्लुटेनयुक्त धान्ये यांचा उल्लेख स्वतंत्रपणे करावा लागतो. लेबल इंग्रजी किंवा हिंदीत असते. 'कन्टेन्स' या शब्दापुढील यादी शोधावी. वनस्पतिजन्य पेयांना 'मिल्क' म्हणण्यास प्राधिकरणाची हरकत असल्याने पाकिटावर 'सोया ड्रिंक' किंवा 'सोया बेव्हरेज' असे नाव आढळते. सोयाबीनमध्ये ग्लुटेन नसते, पण चॉकलेटच्या स्वादात जवाचे माल्ट असू शकते, बदामाच्या स्वादात बदाम. ग्लुटेन न चालणाऱ्यांनी म्हणूनच बिनस्वादाचे, बिनसाखरेचे पेय निवडावे.

घरी सोया दूध करणाऱ्यांसाठी एक इशारा. पेरणीसाठी बीजप्रक्रिया केलेले, रंग लावलेले बियाणे कधीही वापरू नये. त्यावर बुरशीनाशक असते आणि धुऊनही ते खाण्यायोग्य होत नाही. खाण्याचे सोयाबीन रात्रभर भिजवून पाणी फेकून द्यावे, साले काढावीत, वाटून गाळावे आणि दूध ढवळत किमान १५ ते २० मिनिटे नीट उकळावे. कच्च्या सोयाबीनमधील ट्रिप्सिनरोधक घटक पचनात अडथळा आणतो, तो उष्णतेने बराचसा निष्प्रभ होतो. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेने हा घटक नसलेले, उग्र वासही कमी असलेले एनआरसी-१४२ हे वाण विकसित केले आहे. त्याने अ‍ॅलर्जी टळते, असा समज मात्र करून घेऊ नये. ज्यांचे पोट सहज फुगते त्यांनी सुरुवात अर्ध्या कपाने करावी, कारण सोयाबीनमधील रॅफिनोज व स्टॅकिओज या शर्करांनी वायू होतो.

घरच्या सोया दुधात कॅल्शियम गाईच्या दुधापेक्षा बरेच कमी असते. पाकिटातील पेयात ते मिसळलेले असेल, तर ते तळाशी बसते. ओतण्यापूर्वी पाकीट हलवावे. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी गोळी आणि सोया दूध यांत काही तासांचे अंतर ठेवावे, ते किती हे आपल्या डॉक्टरांना विचारावे.