'बस': एका प्रत्ययाची गोष्ट

शब्दांच्या इतिहासावर काम करायचं मनात आहे? मग आधी रोजच्या 'बस'कडे बघा.

हा शब्द 'ऑम्निबस'चं शेपूट आहे. लॅटिनमध्ये 'ऑम्निस' म्हणजे सर्व आणि 'ऑम्निबस' म्हणजे सर्वांसाठी. १८२६च्या सुमारास फ्रान्समधल्या नांत शहरात स्टानिस्लास बोद्री यांनी घोडागाड्यांची सेवा सुरू केली. १८२८मध्ये ती पॅरिसला आली आणि १८२९मध्ये जॉर्ज शिलिबिअर यांनी लंडनमध्ये तशीच गाडी काढली. पुढे इंग्रजीत नाव आखूड होऊन नुसतं 'बस' उरलं.

आता व्याकरण बघा. मूळ शब्द गेला आणि उरला फक्त प्रत्यय! 'सर्वांसाठी'मधलं 'सर्व' टाकून द्यावं आणि 'साठी'त बसून ऑफिसला जावं, तसंच हे. पुढे या तुकड्यालाच वाहनाचा अर्थ चिकटला आणि त्यातून ट्रॉलीबस, एअरबस अशी नावं तयार झाली. आपण तर 'बसला उशीर झाला' म्हणतो, म्हणजे चतुर्थीच्या जुन्या प्रत्ययावर आपला 'ला' चढवतो.

शाळेत 'रामेभ्यः' पाठ केलं होतं ना? चतुर्थीलाही तेच, पंचमीलाही तेच. लॅटिनचं 'बस'ही नेमकी हीच दोन कामं करतं. हा योगायोग नाही. 'भ्यः' आणि 'बस' हे भारोपीय कुळातले नातेवाईक प्रत्यय आहेत. पण इथे घाई नको: नातं प्रत्ययांचं आहे. 'ऑम्निस' आणि 'सर्व' यांचा अर्थ एक असला, तरी ते एका मुळातून आलेले नाहीत.

आणखी एक सापळा. नांतमध्ये ओम्नेस नावाच्या टोपीवाल्याच्या पाटीवरून हे नाव सुचलं, अशी गोष्ट सांगतात. माझ्या पहिल्या मसुद्याची सुरुवात तिनेच होती. मार्गदर्शकांनी समासात एवढंच लिहिलं, 'त्या काळचा कागद कुठे आहे?' माझ्याकडे नव्हता. आवडता परिच्छेद खोडताना जिवावर आलं, पण खोडला.

म्हणून टिपणं काढताना तीन वेगळे कप्पे ठेवा: तारखेनिशी सापडलेलं, व्याकरणाने सिद्ध होणारं आणि लोक सांगतात ते. तिसरा कप्पा फेकू नका. शब्दाबद्दल लोकांना काय वाटत आलंय, हे त्यातूनच कळतं. फक्त त्यातलं काही गुपचूप पहिल्यात सरकवू नका.