काचेच्या भांड्यातलं तळं

घरच्या टाकीत सोडलेले मासे आठवड्यातच का मरतात? उत्तरासाठी आम्ही तुम्हाला १८५० च्या सुमारास लंडनला नेतो. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञांनी काचेच्या भांड्यात दोन गोल्डफिश आणि पाणवनस्पती ठेवली. जुनी पानं कुजली, पाणी गढूळ झालं. मग त्यांनी पाणगोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पानं फस्त केली, पाणी निवळलं.

नवखी माणसं इथंच चुकतात. पहिल्याच दिवशी भरपूर मासे, मूठभर खाद्य! उरलेलं खाद्य आणि विष्ठा कुजून विषारी अमोनिया होतो. तो पचवणारे जिवाणू टाकीत वाढायला महिनाभर तरी लागतो. म्हणून मासे मोजके, खाद्य चिमूटभर. पाणीही एकदम सगळं नको, थोडं थोडं बदला. घाण कोण आवरणार ते आधी बघा, मासे मग आणा.