सेप्सिसजन्य हृद्‌स्नायुविकार

गंभीर जंतुसंसर्गाला शरीराने दिलेल्या बेताल प्रतिसादामुळे, म्हणजे सेप्सिसमुळे, हृदयाच्या स्नायूची आकुंचनशक्ती घटणे. मूळ संसर्ग फुप्फुसात, मूत्रमार्गात वा पोटात असू शकतो. दाहकारक सायटोकाइने, नायट्रिक ऑक्साइड आणि पेशींतील तंतुकणिकांचा बिघाड ही प्रमुख कारणे. रक्तात ट्रोपोनिन हे हृद्‌स्नायूतील प्रथिन वाढल्याने हृदयविकाराच्या झटक्याचा भास होतो. प्रत्यक्षात हृद्‌रोहिणीत गुठळी असेलच असे नाही.

१९८४ साली अमेरिकेत मार्गारेट पार्कर व सहकाऱ्यांनी सेप्टिक शॉकच्या (सेप्सिसमुळे रक्तदाब फार घसरलेल्या) २० रुग्णांची पाहणी केली. वाचलेल्यांचे डावे निलय (हृदयाचा खालचा कप्पा) फुगले होते, त्याची रक्त बाहेर टाकण्याची क्षमता घसरली होती, आणि साधारण ७ ते १० दिवसांत ते पूर्ववत झाले. दगावलेल्यांत हा फुगवटा आढळला नाही. हा निष्कर्ष आजही विचारात पाडतो.

निदानासाठी इकोकार्डिओग्राफी सर्वांत उपयुक्त. उपचाराचा कणा म्हणजे लवकर दिलेली प्रतिजैविके, बेताने दिलेले सलाइन आणि रक्तदाब सावरणारे नॉरएपिनेफ्रिन. सरासरी धमनीदाब सुरुवातीला ६५ मिमी पाऱ्याच्या आसपास राखतात. काही रुग्णांत अलिंदांचे (हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे) अनियमित कंपनही सुरू होते. बरे होऊन घरी गेलेल्या रुग्णांत पुढील काही वर्षे हृदयविकाराचा झटका, पक्षाघात व हृदय निकामी होण्याचा धोका वाढलेला असतो. या काळातील तपासणीकडे फार दुर्लक्ष होते.